उजव्या बाजूची एक बाल्कनी आणि समोरची बिनखिडकीची खोली

पुढच्या वर्षी दसरा आटोपून न्यूयॉर्कहून जहाजाने निघायचे आणि बॉस्टन, पोर्टलंड, हॅलिफॅक्स, नोव्हा स्कोशियातले सिडनी, शार्लटटाउन, सॅगने असे टप्पे घेत कॅनडातल्या क्यूबेक शहरात उतरायचे, एवढे आमच्या घरात पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ठरले होते. जाणारी माणसे चार: आमचे हे, मी, माझ्या सासूबाई आणि नणंदबाई. केबिन कोणती घ्यायची, यावर मात्र एकमत होईना. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ट्रॅव्हल एजंटाने चार प्रकार समोर ठेवले होते: बिनखिडकीची इनसाइड, न उघडणाऱ्या खिडकीची ओशनव्ह्यू, बाल्कनी आणि सर्वांत ऐसपैस अशी स्वीट. भाडे माणशी आणि एका केबिनमध्ये दोघे धरून सांगितलेले असते, आणि इनसाइडच्या मानाने बाल्कनीचे भाडे अनेकदा दीडपट, कधी दुपटीच्या घरात जाते. चार माणसांचा हिशेब मांडला की हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही.

या बाबतीत दोन मते सर्रास ऐकू येतात. एक मत असे की थंडीच्या दिवसांत बाल्कनीत कोण बसणार, तेव्हा तो पैसा वाया. दुसरे मत असे की बाल्कनी नसेल तर बोटीने जायचेच कशाला. नणंदबाई दुसऱ्या पक्षाच्या. "वहिनी, एवढं सातासमुद्रापलीकडं जायचं आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचं व्हय?" हा त्यांचा प्रश्न रोज संध्याकाळी चहाबरोबर येई. माझी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे असा वाद सुरू झाला की माझा हात आपोआप नकाशाकडे जातो. नकाशा आणि वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत असे झाले की थंडी हा मुळी निर्णायक मुद्दाच नाही. जहाज दिवसाउजेडी किनाऱ्याजवळून किती तास जाणार, तेव्हा किनारा कोणत्या बाजूला असणार आणि त्या केबिनमध्ये दिवसभर बसून राहणारे माणूस कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की केबिनचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो.

तरीही थंडीचे आधी सांगून टाकते, कारण आपल्याकडे सगळ्यांच्या मनात पहिली भीती तीच असते. कोल्हापुरात जानेवारीतल्या पहाटे पारा सर्वसाधारणपणे १४-१५ अंशांपर्यंत उतरतो आणि तेवढ्यावर रंकाळ्याला फिरायला येणारे लोक कानटोप्या घालतात. ऑक्टोबरात हॅलिफॅक्सचे दुपारचे तापमान साधारण तेवढेच असते, क्यूबेकचे त्याहून दोन-तीन अंशांनी कमी. म्हणजे आपली कडाक्याची पहाट ही तिकडची दुपार. हे स्वेटर, शाल आणि पायमोजे यांनी निभावण्यासारखे आहे. खरा त्रास वाऱ्याचा असतो. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने चालले असेल आणि बाहेर अजिबात वारा नसेल, तरीही डेकवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर तेवढा वारा येतोच. समोरून वारा असला तर त्याची भर वेगळी. अमेरिका आणि कॅनडा २००१ पासून वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीसाठी जे सूत्र वापरतात, त्यात १० अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा घातला तर उत्तर ६ अंश येते; तापमान ५ अंश धरले तर उत्तर शून्याच्याही किंचित खाली जाते. बाल्कनीला दोन्ही बाजूंनी आडभिंती असल्यामुळे वाऱ्याचा पुष्कळसा जोर तिथे मोडतो. उघड्या डेकपेक्षा बाल्कनीत बसणे सुसह्य असते ते याच कारणाने, आणि 'थंडीत बाल्कनी निरुपयोगी' म्हणणारे नेमके एवढेच विसरतात.

शिवाय जहाज सगळीकडे त्याच वेगाने चालत नाही. सेंट लॉरेन्सच्या आखातात २०१७ च्या उन्हाळ्यात राइट व्हेल या अत्यंत दुर्मीळ देवमाशाच्या मृत्यूंची मालिका झाली. त्यातले कित्येक जहाजांच्या धडकेने आणि मासेमारीच्या दोरांत अडकून मेले होते. तेव्हापासून कॅनडा सरकारने आखातातल्या ठरावीक पट्ट्यांत हंगामापुरती १० नॉटची वेगमर्यादा घातली आहे, आणि ती शरद ऋतूतही लागू असते. शार्लटटाउन सोडल्यानंतरच्या टप्प्यात आमचे जहाज अशा पट्ट्यांतून जाईल तेव्हा वेगामुळे लागणारा वारा जवळपास निम्म्यावर येईल. देवमाशांसाठी केलेल्या नियमाचा फायदा बाल्कनीत बसलेल्या सासूबाईंना होणार, हे गणित मला फार आवडले.

आता वेळापत्रक. ज्या रंगीत पानांसाठी लोक सप्टेंबर-ऑक्टोबरात या मार्गावर जातात, ती पाने मेपलच्या झाडांवर असतात आणि ती झाडे जमिनीवर असतात. ही गोष्ट उघड आहे, पण छापील पत्रकांतल्या फोटोंत जहाजाच्या कठड्यापलीकडे लगेच लालभडक डोंगर दिसतो आणि वाचणाऱ्याचा असा समज होतो की सबंध प्रवास त्या डोंगराशेजारूनच होणार. प्रत्यक्षात न्यूयॉर्क ते हॅलिफॅक्स या टप्प्यात जहाज बहुतेक वेळ किनाऱ्यापासून बरेच दूर, खुल्या अटलांटिकमध्ये असते, आणि तेही रात्री. बंदरे भरपूर असलेल्या कोणत्याही क्रूझची रीत हीच असते: सकाळी बंदरात लागायचे, संध्याकाळी सुटायचे, रात्रभर चालायचे. दिवसा जहाज धक्क्याला असते तेव्हा आपण गावात असतो, आणि बाल्कनीसमोर गोदाम, बसगाड्या आणि धक्क्यावरचे काँक्रीट असते. ऑक्टोबराच्या मध्याला त्या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जहाज पाचला सुटत असेल तर बाल्कनीतून किनारा पाहायला जेमतेम तासभर मिळतो, त्यानंतर पैसे अंधाराचे.

म्हणून मी एक साधे काम केले. शाळेच्या उरलेल्या वह्यांतली एक आखीव वही घेतली, प्रत्येक दिवसासाठी एक ओळ धरली, सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्यामध्ये पेन्सिलीने पट्टा रंगवला आणि त्यावर लाल पेनने जहाज चालत असलेले तास मांडले. पेन्सिल आणि लाल शाई एकमेकींवर येतील तेवढेच तास बाल्कनीच्या कामाचे. न्यूयॉर्क सुटताना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, हॅलिफॅक्स बंदरातून बाहेर पडतानाचा थोडा वेळ, शार्लटटाउननंतरचा अख्खा दिवस आणि सॅगनेची दुपार, एवढ्या जागी दोन्ही रंग एकमेकांवर आले. बाकीच्या ओळी कोऱ्या राहिल्या. क्यूबेकच्या अलीकडे सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठाला शार्लव्वा नावाचा सुंदर डोंगराळ प्रदेश आहे आणि एजंटाच्या पत्रकावर त्याचेच फोटो होते. पण आमच्या वेळापत्रकाप्रमाणे जहाज त्याच्यासमोरून रात्री जाणार होते. मी ते दाखवले तेव्हा त्या बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

सॅगनेची दुपार मात्र अशी आहे की तिच्यासाठी थोडे अधिक पैसे मोजायला माझीही ना नाही. सॅगने ही सेंट लॉरेन्सला तादुसाक गावाजवळ मिळणारी नदी, आणि तिचा खालचा भाग म्हणजे हिमनदीने कोरलेला जवळपास १०० किलोमीटर लांबीचा फ्योर्ड, म्हणजे समुद्राचे पाणी शिरलेली खोल दरी, आहे. दोन्ही काठांना शेकडो मीटर उंचीचे कडे आहेत. बंदर या फ्योर्डच्या आतल्या टोकाजवळ, ला बे येथे आहे. आमचे जहाज तिथे सकाळी आठला लागते आणि दुपारी दोनला सुटते. एवढे अंतर चालायला जहाजाला साडेतीन-चार तास लागतात, म्हणजे आत जाताना आम्ही फ्योर्डमध्ये पहाटे चार-साडेचारला शिरणार आणि निम्म्याहून अधिक वाट अंधारात काढणार. बाहेर पडताना मात्र दोन ते साडेपाच, संपूर्ण उजेडात. ज्या वाटेने आत जायचे त्याच वाटेने बाहेर यायचे असल्याने दोन्ही बाजूंच्या केबिनींना दोन्ही काठ दिसतात, असे एजंट सांगतात. ते खरे आहे, पण एक काठ दिवसा दिसतो आणि दुसरा चांदण्यात.

मग दिवसा कोणता काठ हवा? इथे भूगोल कामाला आला. बाहेर पडताना जहाज पूर्व-आग्नेय दिशेला तोंड करून चालते, म्हणजे उजव्या हाताला दक्षिण काठ येतो. त्या काठावर कॅप ट्रिनिटे नावाचा प्रचंड कडा आहे आणि त्याच्या एका टप्प्यावर १८८१ साली उभारलेली मेरीमातेची सुमारे नऊ मीटर उंचीची पांढरी मूर्ती आहे. ती डाव्या बाजूच्या केबिनमधून दिसणार नाही. उलट रंगांच्या दृष्टीने डावी बाजू सरस आहे, कारण दुपारी सूर्य नैर्ऋत्येला असतो, त्याचे ऊन उत्तर काठावर पडते आणि तिथली पाने उजळून निघतात, तर दक्षिण काठाचे कडे आपल्याच सावलीत उभे असतात. परंतु आणखी एक गोष्ट आहे. सूर्य उजव्या हाताला असल्यामुळे त्या दुपारी ऊनही उजव्या बाजूच्याच बाल्कनीत येते. ऑक्टोबराच्या मध्याला क्यूबेकच्या परिसरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांच्या आसपासच चढतो. त्याच दिवशी कोल्हापुरात तो ६५ अंशांच्या आसपास असतो. इतक्या तिरप्या उन्हाला तीव्रता नसते, पण ते वरच्या डेकच्या छतामुळे अडत नाही, थेट बाल्कनीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचते आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर पडते. चारच्या सुमारास कड्यांची सावली जहाजावर येईल आणि मग आत जाऊन दार लावून घ्यावे लागेल. तरी दोन तास मिळाले. ढग असले तर हा सगळा हिशेब पाण्यात, हे मला ठाऊक आहे. पण ढगांच्या भरवशावर बाजू निवडता येत नाही, सूर्याच्या भरवशावर येते.

शार्लटटाउननंतरच्या दिवसाचे गणित याच्या उलट जाते. त्या दिवशी जहाज गॅस्पे द्वीपकल्पाला वळसा घालून पश्चिमेकडे चालते, तेव्हा गॅस्पेचे डोंगर आणि ऊन ही दोन्ही डाव्या बाजूला. उजवीकडे विस्तीर्ण पाणी आणि सावली. मी बराच वेळ या दोन दिवसांना तागडीत घालत बसले होते. अखेर फ्योर्डचे पारडे जड ठरवले, कारण तिथे काठ दोन्हीकडून अगदी जवळ असतात, आणि गॅस्पेचा किनारा वरच्या डेकवर जाऊन पाहण्यात काही बिघडत नाही. फ्योर्डच्या मुखाशी पांढरे बेलुगा देवमासे असतात. लाटांच्या पांढऱ्या फेसात पांढरा मासा ओळखणे कठीण असते, म्हणून तिथे दुर्बीण घेऊन शांत बसायला जागा हवी. ती बाल्कनीत मिळते.

बाल्कनीचे काही अनुभव पत्रकात नसतात. चालत्या जहाजावर बाल्कनीचे दार उघडताना आधी काहीच होत नाही, कारण वाऱ्याचा दाब दाराला आतून-बाहेरून ओढत असतो. मग अंगाचा भार देऊन ते चार बोटे सरकवले की शीळ घुमू लागते. त्याच वेळी दुसऱ्या कुणी खोलीचे पॅसेजकडचे दार उघडले तर पडदे आडवे होतात, टेबलावरचे कागद उडतात आणि पॅसेजमधले दार धाडकन आपटते, त्यात बोट सापडले तर प्रवास तिथेच संपायचा. म्हणून एक दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, ही शिस्त वयस्कर माणसांना पहिल्याच दिवशी सांगावी लागते. सकाळी खुर्च्यांवर दव आणि खारे पाणी असते, त्यामुळे बसायला जुना टॉवेल जवळ ठेवावा. काही जहाजांत बाल्कनीचे दार उघडे राहिले की खोलीतले वातानुकूलन आपोआप बंद होते; थंडीत याचा अर्थ खोली गार पडणे असा होतो. आणि ओले कपडे कठड्यावर वाळत घालण्यास सगळीकडेच बंदी असते, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवे.

ओशनव्ह्यूबद्दल मला आदर आहे. खरे सांगायचे तर आम्ही दोघेच जाणार असतो तर मी तीच घेतली असती. थंडीच्या प्रवासात माणसाला दिवसाचे भान हवे असते, उजेड हवा असतो, आणि सकाळी उठल्यावर बाहेर पाऊस आहे की ऊन हे पलंगावरूनच कळायला हवे असते. तेवढे काम खिडकी चोख करते. ओशनव्ह्यू केबिनी बऱ्याचदा खालच्या डेकवर असतात, आणि उत्तर अटलांटिकमध्ये शरदात हा मोठाच फायदा आहे. वादळांचा हंगाम तिथे ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. २०२२ साली २४ सप्टेंबरला फियोना हे वादळ थेट नोव्हा स्कोशियावर येऊन धडकले होते. असे वादळ असले तर जहाज वाट बदलते किंवा एखादे बंदर गाळते, पण दूरवरच्या वादळाच्या लाटा मात्र पोहोचतातच. जहाज पुढे-मागे झोके घेते तेव्हा सर्वांत जास्त हालचाल दोन्ही टोकांना होते, आणि डावी-उजवीकडे डोलते तेव्हा वरच्या मजल्यांवर जास्त जाणवते. जहाजाच्या पोटातून बाहेर काढता येणारे पंख डोलणे पुष्कळ कमी करतात, पुढे-मागे होण्यावर त्यांचा विशेष इलाज चालत नाही. म्हणून ज्यांना आंबोलीचा किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना मळमळते, त्यांनी केबिनचा प्रकार नंतर पाहावा. आधी मधोमध आणि खाली अशी जागा शोधावी.

या केबिनींचे दोष सांगायचे तर खिडकीची काच बाहेरून मिठाने धुरकट होते, आणि अगदी खालच्या डेकवरच्या गोल खिडक्यांवर समुद्र खवळल्यावर कर्मचारी लोखंडी झाकणे लावतात, मग ती केबिन इनसाइडच झाली म्हणायची. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. त्यांचे भाडे कमी असते, आणि मला विचाराल तर या ऋतूत तो सौदा वाईट नाही, कारण दृश्य अडले तरी उजेड येतो.

ज्या जहाजांना सर्व बाजूंनी फिरता येईल असा लाकडी प्रॉमनाड डेक आहे, त्यांवर ओशनव्ह्यूचे मोल आणखी वाढते. हॉलंड अमेरिका कंपनीचे सुमारे १४०० प्रवाशांचे झांडाम हे असेच जुन्या घडणीचे जहाज. त्यावर बाल्कनी थोड्या आणि खिडक्यांच्या केबिनी पुष्कळ. केबिनमधून निघून डोक्यावर छत असलेल्या डेकवर जायचे, वारा लागला की दुसऱ्या बाजूला जायचे. बाल्कनीला बाजू एकच असते. डेकला चारही बाजू असतात. धडधाकट माणसाला हा युक्तिवाद पुरेसा आहे.

इनसाइड केबिनची आपल्याकडे उगाच बदनामी झाली आहे. ती काळोखी असते हे खरे. दिवा मालवला की डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. परंतु भारतातून गेल्यावर साडेनऊ तासांच्या फरकाने झोपेची जी घडी विस्कटते, ती बसवायला तो काळोख मदतच करतो. अनेक जहाजांत टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा चॅनेल असतो. आवाज बंद करून तो चालू ठेवला की पहाट झाली हे भिंतीवरच्या उजेडावरून कळते. रॉयल कॅरिबियनने २०१४ पासून काही जहाजांवरच्या इनसाइड केबिनींत छतापासून जमिनीपर्यंत पडदा लावून त्यावर बाहेरचा समुद्र दाखवायला सुरुवात केली, तो याच कल्पनेचा थाटाचा अवतार. ज्याला भिंतींमध्ये कोंडल्यासारखे होते त्याने या वाटेला जाऊ नये, एवढेच.

स्वीटविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. पैसा असेल तर घ्यावा. सेलिब्रिटी कंपनीने २०१८ च्या एज या जहाजापासून आणलेली बाल्कनी केबिनची एक तऱ्हा मात्र थंडीच्या दृष्टीने खरोखर विचार करून केलेली आहे. तिथे वेगळी बाल्कनीच नसते, खोलीच थेट कठड्यापर्यंत जाते आणि बटण दाबल्यावर समोरच्या काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. पुष्कळांना ती बाल्कनीची फसवणूक वाटते. मला ती घरातल्या खिडकीत पाय वर घेऊन बसण्यासारखी वाटते, आणि १० अंशांत तशी जागा कुणाला नको असेल?

प्रकार ठरला तरी काम संपत नाही, कारण जहाजाचा नकाशा समोर घेऊन वर काय आहे आणि खाली काय आहे हे बघावेच लागते. आम्ही तो नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला आणि पट्टी लावून एक-एक केबिन तपासली. वर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. अगदी पुढच्या टोकाला नांगराची साखळी आणि बंदरात वळताना चालणारे यंत्र, अगदी मागे इंजिनाची थरथर. दोन केबिनींच्या मधे दार असेल तर शेजाऱ्यांचे घोरणे स्पष्ट ऐकू येते, म्हणून असे दार आपल्याच दोन कुटुंबांमध्ये असेल तरच घ्यावे. भाडे थोडे कमी करून 'प्रकार तुमचा, क्रमांक आम्ही देऊ' अशीही एक पद्धत आहे. ज्याने माझ्यासारखा बाजूचा आणि उन्हाचा इतका कीस काढला आहे, त्याला ती चालणार नाही.

सासूबाईंची चौकशी वेगळीच होती. त्यांना चहा हवा, आणि देवापुढे निरांजन हवे. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती यांना आगीच्या भीतीने कोणत्याही प्रकारच्या केबिनमध्ये परवानगी नसते, मग ती स्वीट का असेना. विजेच्या किटलीचे उत्तर कंपनीप्रमाणे बदलते: ब्रिटिश वळणाच्या पी अँड ओ किंवा क्युनार्डच्या जहाजांत ती केबिनमध्येच ठेवलेली असते, अमेरिकन कंपन्यांच्या बहुतेक जहाजांत नसते आणि घरून नेलेली दारातच काढून घेतात. थंडीत पहाटेचा चहा हा चैनीचा विषय नाही. त्यामुळे बुफेच्या लिफ्टपासून केबिन किती पावलांवर आहे, हा मुद्दाही आमच्या यादीत आला.

आणि खरे तर सासूबाईंमुळेच निर्णय झाला. त्यांचे गुडघे असे आहेत की त्या बंदरांत फारशा उतरणार नाहीत, आणि वाऱ्याच्या डेकवर जाऊन उभ्या तर राहणारच नाहीत. आम्ही तिघे हॅलिफॅक्सच्या रस्त्यांवर फिरत असताना त्या केबिनमध्ये असणार. डेकला चार बाजू असतात हा माझा युक्तिवाद त्यांच्या बाबतीत टिकत नाही; त्यांच्यासाठी जहाज म्हणजे ती खोली. जो माणूस केबिनमध्ये जास्तीत जास्त वेळ असणार त्याच्यावर जास्तीत जास्त भाडे खर्च व्हावे, हे सूत्र मी मांडले तेव्हा नणंदबाईंनाही काही बोलता आले नाही, कारण आईच्या सोबतीला त्याच केबिनमध्ये त्याच झोपणार होत्या. तेव्हा एक बाल्कनी, उजव्या बाजूची, मधोमध, वरच्या आणि खालच्या डेकवर केबिनीच असलेली. आणि पॅसेज ओलांडून तिच्या बरोबर समोरच्या दारात आमची दोघांची इनसाइड. दोन्ही दारांमध्ये चार पावलांचे अंतर, दिवसा सगळ्यांची बैठक बाल्कनीच्या खोलीत, रात्री आम्ही आमच्या काळोखात. दोन इनसाइडपेक्षा हे महाग पडले, पण दोन बाल्कन्यांच्या मानाने जे पैसे वाचले त्यांत प्रवासाच्या शेवटी क्यूबेकच्या जुन्या भागात राहण्याची सोय झाली, आणि रंगीत पाने जवळून पाहायची असतील तर ती तिथेच, पायी फिरताना, दिसणार आहेत.

आमच्या ह्यांना अजून हे पटलेले नाही की आपण बिनखिडकीच्या खोलीत झोपणार. त्यांची अट एवढीच की कोजागिरीला बाल्कनीत पहिली खुर्ची त्यांची. जहाज त्या रात्री नेमके कुठे असेल, चंद्र कोणत्या बाजूला उगवेल आणि उजवीकडून दिसेल की नाही, हे मला अजून काढायचे आहे. एजंटाला अनामत रक्कम देऊन झाली आहे, दोन्ही केबिनींचे क्रमांक हातात आले आहेत, आणि सासूबाईंनी नणंदबाईंना बजावले आहे की दार एका वेळी एकच उघडायचे.